दोनशे बारा पावलांवरचा घोडा

नळदुर्गच्या किल्ल्यात शिरलं की मुख्य दरवाजापासून दोनशे बारा पावलांवर, डाव्या हाताला एक साधी दगडी भिंत लागते. तिच्यावर शिलालेख नाही, कोरीवकाम नाही, माहितीची पाटीही नाही. तरी तिथे आम्हाला साडेचार मिनिटं उभं करून एका घोड्याची गोष्ट सांगण्यात आली. धाराशिव जिल्ह्यात आम्ही चार दिवस होतो. तिथून आल्यावर लोक मला देवीचं दर्शन कसं झालं ते विचारतात, आणि मी त्यांना या भिंतीबद्दल सांगत बसतो. म्हणून एकदा लिहूनच काढतो.

पावलांचा आकडा माझा स्वतःचा आहे. मी चिपळूणला राहतो. भूमी अभिलेख खात्यात जमीन मोजण्यात अठ्ठावीस वर्षं गेली. साखळी गेली, यंत्रं आली, पण चालताना पावलं मोजायची खोड राहिली. माझं पाऊल पंचाहत्तर सेंटिमीटरचं आहे. आमच्या घरापासून भाजी मंडई आठशे साठ पावलं. बायको म्हणते, या माणसाला भाजीचा भाव विसरायला होतं, पण पावलं नाही.

या प्रवासाला मी खरं तर हमाल म्हणून गेलो. मुलगी सई फिजिओथेरपिस्ट आहे आणि पुण्यात पीएच.डी. करते. तिचा विषय पन्नाशीपुढच्या माणसांच्या पायांतलं रक्त. तिच्याबरोबर येणारी मैत्रीण आयत्या वेळी आजारी पडली, तेव्हा मी रजा टाकली. गाडी चालवणं, पेट्या उचलणं आणि वहीत आकडे लिहिणं अशी तीन कामं माझ्याकडे आली. तिसरं मला आवडणार हे सईला माहीत होतं.

तुळजापूर

डिसेंबर संपत आला होता. चिपळूणला त्या दिवसांत पंखा लागतो. इथे पहाटे कानटोपी लागली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेच्या वर आलेली. आमच्याकडे डोंगर नजर अडवतो. इथे नजरेला अडवणारं काहीच नाही. पहिले दोन तास मला उघड्यावर आल्यासारखं वाटलं, मग बरं वाटू लागलं.

आधी सईच्या यंत्राबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. अंधारात बॅटरीवर तळहात दाबला की बोटं आतून लाल दिसतात. लहानपणी हे प्रत्येकाने केलेलं असतं. यंत्र म्हणजे त्याच खेळाचं शहाणं रूप. काडेपेटीएवढी चपटी डबी, ती पोटरीवर पट्ट्याने बांधायची. तिच्यातून लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश स्नायूत जातो आणि थोडा परत येतो. प्राणवायू भरलेलं रक्त एका तऱ्हेचा प्रकाश जास्त पितं, प्राणवायू खर्च झालेलं रक्त दुसऱ्या तऱ्हेचा. परत आलेल्या प्रकाशावरून स्नायूला किती मिळतंय आणि तो किती खर्च करतोय, याचा अंदाज येतो. सुई नाही, रक्त काढणं नाही.

माणसाने दोन मिनिटं शांत उभं राहायचं, मग पंचवीस वेळा टाचा उचलायच्या आणि थांबायचं. टाचा उचलताना पडद्यावरची रेघ खाली येते. थांबल्यावर ताजं रक्त पोचतं आणि रेघ वर चढते. ती अर्ध्यावर यायला किती सेकंद लागले, तो आकडा मी लिहायचा. लॉजच्या खोलीत पहिली चाचणी माझ्यावर झाली. उजवा पाय तेवीस सेकंद, डावा पंचवीस. चोपन्न वर्षांच्या माणसाला हे ठीक आहे असं सई म्हणाली, आणि मला दहावीच्या निकालाएवढा आनंद झाला.

दुसऱ्या माणसाच्या वेळी रेघ वेडीवाकडी नाचायला लागली. अर्ध्या तासाने कारण सापडलं. खिडकीतलं ऊन पट्ट्याखाली शिरत होतं. वरून काळं कापड गुंडाळायला हवं होतं, आणि ते पुण्यालाच राहिलं होतं.

मंदिराच्या रस्त्यावर कापडाची दुकानं पुष्कळ. हिरवं, लाल, पिवळं, जरीचं, सगळं होतं. काळं मागितलं की दुकानदार आमच्याकडे पाहत. एका म्हाताऱ्या दुकानदाराने चष्मा कपाळावर ढकलून विचारलं, "देवीच्या दारात काळं कशाला मागता? करणी-बिरणी काय हाय का?"

"नाही हो काका," सई म्हणाली, "पायावर उजेड पडायला नको म्हणून."

"मग पाय सावलीत घ्या की."

तिने त्यांना सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आत गेले आणि एक मोडकी छत्री घेऊन आले. "हिचं कापड फाडून घ्या. कुठनं आणलं म्हणून इचारलं तर माझं नाव सांगू नका." म्हणून मीही नाव लिहीत नाही. दुपारी तेच काका आपला पाय मोजून घ्यायला लॉजवर आले आणि स्वतःच्याच छत्रीचं कापड पोटरीला गुंडाळून पंचवीस टाचा उचलून गेले.

रात्री येसर आमटी आणि ज्वारीची भाकरी जेवलो. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांची आणि मसाल्याची कुटलेली पूड. तो घरात असला की दहा मिनिटांत आमटी होते. आमच्याकडे पाहुणा आला की आधी नारळ फोडावा लागतो. इथल्या बायकांचं नियोजन सरस आहे, असं मी बायकोला फोनवर सांगितलं. तिने विषय बदलला.

नळदुर्ग, शाळेची खोली

दुसऱ्या दिवशी नळदुर्गला एका शाळेने रिकामी खोली दिली होती. लोक बरेच आले. चाचणीआधी सई एक प्रश्नावली भरून घेई. त्यातला सहावा प्रश्न असा: 'चालताना पोटरी दुखते का?'

पहिला शेतकरी गोंधळला. "पोटरी? ज्वारी पोटऱ्यात आलीया औंदा. पर तिचं काय दुखतंय?"

खोलीत हशा पिकला. कणीस बाहेर पडायच्या आधी ताटात फुगतं, त्याला इथे पोटरी म्हणतात. सईने स्वतःच्या पायाला हात लावून दाखवलं. "ही पोटरी."

"ती व्हय. न्हाय, दुखत न्हाय."

त्या सकाळी सतरा माणसं झाली. सतराही जणांचं सहाव्या प्रश्नाला उत्तर 'नाही'. मी चौकटीत सतरा फुल्या मारल्या, आणि इथली माणसं काटक आहेत असा निष्कर्षही मनात काढून ठेवला. सईचं तोंड मात्र उतरलं होतं. "बाबा, या वयाच्या सतरांत एकालाही त्रास नाही, हे पटत नाही."

अठरावे आले इस्माईलचाचा. पांढरी दाढी, डोक्याला मफलर, पायात कॅनव्हासचे बूट, वय चौसष्ट. किल्ला दाखवायचं काम करतात, असं त्यांनी सांगितलं. "आमी गाईड."

सई म्हणाली, "माझ्या गाईडनीच मला इकडे पाठवलं."

"तुमचे गाईड कुठल्या किल्ल्यावर असतात?"

पीएच.डी.चे गाईड वेगळे, हे सांगितल्यावर ते म्हणाले, "वेगळे कशाला? ते पन लोकांना फिरवतच असतील." सई इतकी हसली की पेन खाली पडलं. मग तिने सहावा प्रश्न विचारला. चाचांचं हसू जरा मावळलं. "दुखत-बिखत काय न्हाय," म्हणाले, आणि टाचा उचलायची वेळ यायच्या आत 'पार्टी आली असंल' म्हणून निघून गेले. माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे एक फुली आणि दोन मोकळ्या चौकटी राहिल्या. मोकळ्या चौकटी मला बघवत नाहीत.

किल्ला

दुपारी आम्ही किल्ल्यावर गेलो, आणि दाराशी चाचाच उभे. पार्टी आली नव्हती. "चला, तुमीच पार्टी."

नळदुर्गचा किल्ला मी डोंगरी किल्ल्यांच्या सवयीने पाहायला गेलो आणि चुकलो. हा जमिनीवर पसरलेला किल्ला आहे; चढ कमी, चाल जास्त. बोरी नदीवर बांध घातला आहे आणि त्या बांधाच्या पोटात महाल, पाणी महाल. सांडव्यावरून पाणी जातं तेव्हा महालाच्या खिडकीपुढून पाण्याचा पडदा पडतो म्हणे. आम्ही गेलो तेव्हा पाणी जात नव्हतं. कोरड्या खिडकीत उभं राहूनही मी थक्क झालो. धरणाच्या भिंतीत राहायला खोली काढायची, आणि शेकडो वर्षं ती गळू द्यायची नाही, हे करणाऱ्याच्या हिशोबाला माझा नमस्कार. उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या मी चढताना आणि उतरताना मोजल्या. दोन आकडे जुळले नाहीत, म्हणून इथे देत नाही.

पण चाचांच्या गोष्टींचे आकडे जुळले.

दरवाजापासून दोनशे बारा पावलांवर ते थांबले, भिंतीला हात टेकला आणि सांगू लागले. "इथं सुलतानाचा घोडा अडला. लई उमदा घोडा. चाबूक मारला, हालला न्हाय. गूळ दिला, हालला न्हाय. सुलतान बोलला, उतरतो मी, बसू दे त्याला. घोडा घटकाभर थांबला अन् आपल्या पायानं पुढं गेला. तवापासून ह्या जागंला घोडाथांबा म्हनत्यात." आवाज असा, की मला टापा ऐकू आल्या. ही गोष्ट कुठल्या पुस्तकात असल्याचं मला आढळलेलं नाही.

पुढची गोष्ट एका गटारापाशी झाली. दोनशे आठ पावलं. तिसरी मोकळ्या मैदानात, जिथे दाखवण्यासारखं एक बाभळीचं झुडूप होतं. दोनशे पंधरा. मधल्या वाटेत एक देखणी कमान गेली, तिच्याबद्दल चाचा चालता चालता दोन वाक्यं बोलले. कमानीला दोन वाक्यं आणि गटाराला चार मिनिटं, हे गणित मला बसेना. प्रत्येक थांब्यावर ते उजवा पाय जमिनीपासून जरासा उचलून धरत. एखाद्यावर उगीच संशय नको, म्हणून परतीच्या वाटेवर पुन्हा मोजलं. दोनशे दहा, दोनशे नऊ.

दाराशी आल्यावर मी म्हणालो, "चाचा, तुमच्या गोष्टी दोनशे दहा पावलांवर येतात."

माझं काम सईने त्यांना सकाळीच सांगितलं होतं. "साहेब, मोजणीवाले ना तुमी? जमीन मोजा. मला कशाला मोजता?"

"उजवा पाय दुखतो का?"

"दुखत न्हाय, सांगितलं की सकाळी." मग ओट्यावर बसले आणि बूट सैल केला. "पिंढरी भरती."

सई माझ्यामागे उभी होती, ती पुढे आली. "पिंढरी म्हणजे?"

चाचांनी पोटरीवर थाप मारली. "ही. चाललं की भरती. दगड बांधल्यावानी. थांबलं की सुटती. दुखनं येगळं, भरनं येगळं. दुखलं तर मानूस दवाखान्यात जाईल ना."

"किती दिवस होतंय?"

"चार वर्सं." सईने आत्ताच्या आत्ता पाय मोजू का म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. त्यांच्या थोरल्या भावाची पिंढरी अशीच भरायची. मग अंगठा काळा पडला. सोलापूरला नेलं, आणि गुडघ्याखालून पाय काढून आणला. भाऊ दोन वर्षं अंगणात बसून गेला. "तुमची मशीन पाय आतनं बघती. आत काय दिसलं तर तुमी सांगनार. सांगितलं तर कापनार. मला चालूनच भाकर हाय, बेटी. न्हाय बघितलं तर पाय हाय."

सईने वाद घातला नाही. लॉजवर आल्यावर ती प्रश्नावली पुढ्यात घेऊन बसली. सहावा प्रश्न पुण्यात बसून, पुण्याच्या मराठीत लिहिलेला होता, आणि मी सतरा फुल्या मारून त्यावर शिक्का उमटवला होता. तिने तो खोडला आणि वर लिहिलं: 'चालताना पिंढरी भरती का? थांबल्यावर सुटती का?'

चाचांचं घर

तिसऱ्या दिवशी शाळेत आदल्या दिवसाच्या सतरांना परत बोलावलं. बारा आले. नवा प्रश्न विचारल्यावर बारापैकी चार जण म्हणाले, "व्हय, भरती की. तुमी काल हे इचारलंच न्हाय."

चाचा काही आले नाहीत. पण त्यांनी निरोप पाठवला होता, की पार्टीने किल्ला बघितला आणि घरचं खाल्लं नाही असं चालत नाही. गेलो. त्यांच्या बायकोने, म्हणजे खालांनी, खिचडी-खट्टा केला होता. पिवळी मोकळी खिचडी आणि तिच्यावर चिंच, तीळ, कच्च्या कांद्याचं पातळ आंबट. आमच्याकडे कोकमाचं सार असतं, पण ते जेवणाच्या शेवटी. इथे आंबटाला पहिला मान. मी तीनदा वाढून घेतलं.

वाढता वाढता खालांनी सईला विचारलं, "ते मशीन दुखतं काय गं?"

"नाही खाला. तुमच्यावर दाखवू?"

तिने खालांच्याच पायाला डबी बांधली, वर छत्रीचं कापड. खालांनी पदर खोचून टाचा उचलल्या. पडद्यावरची रेघ खाली गेली आणि थांबल्यावर उडी मारून वर आली. एकवीस सेकंद. "ये मेरा खून है?" म्हणून त्या पुन्हा पुन्हा रेघ बघत राहिल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "अब तुम. कित्ते दिन छुपाते जी? मेरेकू मालूम नहीं क्या, मस्जिद जातेवक्त चक्कीवाले से रोज क्या बातां करते? उसकू तो सुनने भी नहीं आता."

मशिदीच्या वाटेवर चाचा रोज थांबतात तो गिरणीवाला बहिरा आहे हे आम्हाला तेव्हा कळलं. सई म्हणाली, "चाचा, मी डॉक्टर नाही. पाय कापायचा की नाही हे माझं यंत्र सांगत नाही. रक्त पोचायला किती वेळ लागतो, एवढंच सांगतं. तुमच्या भावाला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं."

शेवटचं वाक्य लागलं असावं. चाचांनी विजारीचा पाय वर केला.

डावा पाय, एकोणचाळीस सेकंद. उजव्याला अठराव्या टाचेला ते थांबले. रेघ तळाला गेली होती. आम्ही चौघं तिच्याकडे बघत होतो. ती उठेचना. मी घड्याळात पाहत होतो आणि पहिल्यांदाच मला आकडा वाढलेला नको होता. मग ती मुंगीच्या चालीने चढायला लागली. एकशे सोळा सेकंद.

"आला," चाचा हळूच म्हणाले.

"कोण?"

"घोडा. बघा की, घटकाभर थांबला अन् निघाला."

सोलापूर

आमची परतीची वाट सोलापूरवरूनच होती. सईच्या पुण्याच्या गाईडनी तिथल्या रक्तवाहिन्यांच्या एका डॉक्टरांशी फोनवर बोलून वेळ घेतली. चाचा गाडीत पुढे बसले. एरवी बोलके, पण त्या वाटेवर त्यांनी फक्त दोनदा वेळ विचारली. खिशातल्या विड्यांचा कट्टा सारखा चाचपत होते, बाहेर काढत नव्हते.

दवाखान्यात एका मावशींनी चाकाची खुर्ची पुढे केली. चाचांनी तिला हात लावला नाही. लांब बोळातून आम्ही चालू लागलो. मी मोजत होतो हे सांगायला नकोच. दोनशेच्या पुढे चाचा थांबले, भिंतीला हात टेकला, आणि मला म्हणाले, "साहेब, ही भिंत बघा. ही बांधली तवा काय झालं..."

गोष्ट पुढे सुचेना. आम्ही दोघं त्या कोऱ्या भिंतीकडे बघत उभे राहिलो. मग मीच म्हणालो, "इथे डॉक्टरांचा घोडा अडला असेल." चाचा हसले, पण डोळे भरले होते. आम्ही घटकाभर थांबलो आणि आपल्या पायांनी पुढे गेलो.

तपासणीला दीड तास लागला. डॉक्टरांनी पायाचा आणि हाताचा रक्तदाब मोजला, आवाजाच्या यंत्राने नाडी ऐकली, मांडीपासून घोट्यापर्यंत सोनोग्राफी केली. मांडीतली रक्तवाहिनी अरुंद झाली होती. सईच्या रेघेने दाखवलं ते खरं होतं. डॉक्टर म्हणाले, "कापायचं काही नाही. गोळ्या लिहून देतो, त्या कायम घ्यायच्या. विडी आजपासून बंद, त्यात सूट नाही. जखम होऊ द्यायची नाही, पाय रोज बघायचा. आणि चालायचं. पिंढरी भरेपर्यंत चालायचं, भरली की थांबायचं, सुटली की पुन्हा चालायचं. रोज."

चाचांनी आधी डॉक्टरांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "डाक्टरसाहेब, हे तर म्या चार वर्सं करतोय."

"कसं काय?"

चाचांनी त्यांना किल्ला, भिंत, गटार, झुडूप, सगळं सांगितलं. डॉक्टर पेन खाली ठेवून ऐकत होते. या चालण्यानेच पाय इतका टिकला का, असं मी विचारलं. ते म्हणाले, खात्रीने नाही सांगता येणार, पण मदत नक्की झाली असेल. मी वहीत हेच शब्द लिहिले, जास्त नाही.

बाहेर आल्यावर चाचांनी विड्यांचा कट्टा काढून माझ्या हातात दिला. मी तो चिपळूणपर्यंत गाडीच्या कप्प्यात विसरलो, आणि त्यावरून घरी जे झालं ते प्रवासवर्णनात बसत नाही.

सईच्या प्रबंधात चाचांचं नाव येणार नाही. तसा नियम आहे. त्यांचा एकशे सोळा हा आकडा येईल, आणि सहावा प्रश्न बदलून येईल. तिच्या पुण्याच्या गाईडनी 'भरती' या शब्दाला आधी हरकत घेतली, मग बारापैकी चार हा हिशोब पाहून मान्य केलं.

मार्च संपताना एका दुपारी चाचांचा फोन आला. मागे वारा होता. ते किल्ल्यावरच होते.

"साहेब, एक अडचन झालीया. पार्टी घिऊन निघालो, बोलत बोलत भिंत मागं गेली. ध्यानातच न्हाय. आता घोड्याची गोष्ट सांगायची कुठं?"

"मग कुठे सांगितलीत?"

"कमानीपाशी. तिथं भरली पिंढरी."

त्या कमानीला त्यांनी आमच्या वेळी दोन वाक्यं दिली होती, ते मला आठवलं. मी वही ओढली आणि विचारलं, "दरवाजापासून किती पावलं झाली?"

"ते तुमचं काम," चाचा म्हणाले. "म्या एवढंच सांगायला फोन केला, घोडा पुढं गेला."